खोकला येऊ द्यायचा

सोमवारी सकाळी सात वाजता गुलाम नबी पिंजाऱ्याला खोकल्याची उबळ आली, आणि चुलीवरचा चहा आटून गेला तरी ती थांबली नाही.

ओसरीच्या कडेला तो उकिडवा बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, मान पुढे काढलेली. हाजराबी त्याच्या मागे उभी राहून पाठीवर थापा देत होती. बोटं जुळवलेली, तळवा वाटीसारखा खोलगट, खालून वरच्या अंगाला. बार्शीटाकळीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाईनं तिचाच हात धरून तसं शिकवलं होतं. पुढ्यात राखेचा डबा होता. त्यात जे पडत होतं ते हाजराबी दर खेपेला वाकून बघत होती.

दिवाळीआधी हाच कफ डिंकासारखा होता. सुटायचाच नाही. खोकून खोकून गुलाम नबीच्या बरगड्या धरायच्या, डोळ्यांत पाणी यायचं आणि शेवटी बोंडाएवढा एक पिवळा गोळा निघायचा. आता तो पातळ होता, फेसाळ होता, आणि खूप होता.

"निघून रायलं," ती म्हणाली. "निघू द्या."

"अवं, येवढं होतं कुठं आत?" गुलाम नबी धापा टाकत म्हणाला. "पिंजाऱ्याच्या पेटात कापूस असाले पायजे. हे तर विहीर निघाली."

तो हसायला गेला आणि पुन्हा उबळ आली.

दवाखान्यातून मिळालेली गोळी पाण्यात टाकायची होती. पेल्यात पडली की सोडा बाटलीसारखी फसफसायची आणि विरून जायची. डॉक्टरीनबाई तरुण होती, सावकाश बोलायची. तिनं दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "यानं कफ पातळ होईल. पातळ झाला की खोकला वाढेल. घाबरायचं नाही. खोकला येऊ द्यायचा, थांबवायचा नाही. पाणी भरपूर प्यायचं." आणि मग हाजराबीकडे बघून, "कापसाचं काम काही दिवस बंद."

त्यातलं शेवटचं तेवढं झालं नव्हतं. तुळशीचं लग्न लागलं की पिंजाऱ्याचा हंगाम सुरू होतो. तेव्हा घरी बसलेल्या पिंजाऱ्याला लोक वर्षभर विसरतात.

गावात पिंजाऱ्याचं हे एकच घर. पिढ्या इथंच गेल्यामुळे बोलणंही गावचंच. अब्बा, अम्मी आणि नमाजेचे शब्द सोडले तर घरात वऱ्हाडीच चालायची. मुलगा रय्यान पिंजायला बसला नाही. तो अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात लागला होता. सूत त्याच्याही नाकातोंडात जायचं, पण तिथं तोंडाला बांधायला पट्टी मिळते, असं तो फोनवर सांगायचा.

साडेआठला गावातला गजेंद्र लोडिंग ऑटो घेऊन दारात आला. पिंजायचं मशीन दोघांनी उचलून मागे चढवलं. खरं तर गजेंद्रानं एकट्यानंच. गुलाम नबीनं नुसता हात लावला होता.

"चाचा, तुमी बसा सामने," गजेंद्र म्हणाला. "मशीनले धक्का लागला तर चालन. तुमाले लागला तर चाची मले जित्ता नाई सोडणार."

खुशालराव वानखड्यांच्या पोरीचं लग्न होतं. या भागात लेकीच्या लग्नाच्या गाद्या विकत आणत नाहीत. घरच्या शेतातला कापूस जिनातून सरकी काढून आणायचा आणि पिंजाऱ्याला अंगणात बसवून घरच्या बायांच्या डोळ्यांसमोर गाद्या भरून घ्यायच्या. जुना, कोणाच्या अंगाखालचा कापूस त्यात जाऊ नये, म्हणून. त्यामुळे पिंजाऱ्याचं काम म्हणजे दिवसभर कोणाच्या तरी नजरेखालचं काम. खुशालरावांच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, ओसरीत खुर्ची टाकली होती. मांडीवर ताटात तांदूळ निवडायला घेतले होते, पण डोळे अंगणात होते.

मशीन सुरू झालं. रुईची पोती तोंडाशी रिकामी होऊ लागली आणि पलीकडून कापूस फुलून उडू लागला. बारीक तंतू उन्हात तरंगत होते, ते हाजराबीच्या भुवयांवर बसले, दुर्गाबाईच्या तांदळात बसले. गुलाम नबीनं नाकातोंडाला दुपट्टा बांधला होता. थोडा वेळ निभलं. मग तो उठला, भिंतीच्या कडेला गेला, आणि वाकला.

सकाळच्याहून मोठी उबळ होती. मशीनच्या आवाजातही ती ऐकू येत होती. घरातून दोन पाहुण्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. गुलाम नबी थुंकला, पायानं माती लोटली, परत आला, दुपट्टा बांधला, खोळीत हात घातला. पुन्हा उठला.

तिसऱ्यांदा उठला तेव्हा दुर्गाबाईनं ताट खाली ठेवलं.

"नबीभाऊ, मशीन बंद करा जरा."

मशीन बंद झालं. अंगणात एकदम शांत वाटलं.

"हे कायचं दुखणं होय?"

"दमा हाय वैनी. कापसाचा. औषध चालू हाय."

"दमाच हाय ना? मंजे दुसरं तर नाई ना काई?"

हाजराबी मधे पडली. "टीबी नाई वैनी. थुंकी तपासली दवाखान्यात. काईच नाई निघालं."

"म्या कुठं टीबी मनलं?" दुर्गाबाई म्हणाली. "पन लेकराच्या लग्नाच्या गाद्या हायेत. तिच्या सासरचे परवा कपडे घेऊन येऊन रायले. त्याईनं पायलं का गादी भरनारा असा खोकून रायला, तर काय मनतीन? आमाले तोंड द्या लागते."

खुशालराव बैठकीतून बाहेर आले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "नबी, जमत नसन तर सांग. अकोल्याहून फोमच्या आनतो. तुह्यावर राग नाई."

राग नसलेलाच वाईट, हे हाजराबीला कळत होतं. वानखड्यांच्या अंगणातून पिंजारी अर्ध्यावर उठवला, ही बातमी संध्याकाळपर्यंत आठ गावांत गेली असती. मग कोण बोलावणार? आज खोकल्यामुळे, उद्या त्या नावामुळे.

"जमते ना भाऊ," गुलाम नबी म्हणाला. "काहून नाई जमनार?"

दुपारी चहा आला. सकाळी स्टीलच्या पेल्यात आला होता. आता दोघांनाही कागदी कपात आला. गुलाम नबीनं तो घेतला, फुंकर घातली, प्याला आणि कप चुरगाळून स्वतःच्याच खिशात ठेवला.

परतताना गजेंद्रानं विषय काढला. गाडी चालवताना तो सगळ्या गावाचे आजार बरे करायचा.

"खोकला बंदच करून टाका ना चाचा. औषध भेटते. माही बुढी घेते. येक झाकन मारलं का चिडीचूप. रातभर आमाले झोप लागते, तिले लागो का न लागो."

"डाक्टरीन मने थांबवू नोको," गुलाम नबी म्हणाला.

"डाक्टरीनले गाद्या भरा लागते काय?"

हाजराबी मागे मशीनला धरून बसली होती. तिनं ऐकलं. डॉक्टरीनबाईचं बोलणंही तिच्या ध्यानात होतं, शब्दाला शब्द. गाडी स्टँडवरच्या औषधाच्या दुकानापुढून चालली तेव्हा तिनंच हाक मारली. "गजेंद्र, थांबव बरं."

दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही. कोरडा का ओला, एवढंच विचारलं. हाजराबी म्हणाली, "खोकला. लय येते. बंद व्हाले पायजे." त्यानं फळीवरून एक बाटली काढून दिली.

मंगळवारी सकाळी गोळी फसफसली, गुलाम नबी पेला प्याला. मग हाजराबीनं बाटलीचं झाकण भरून पुढे केलं.

त्यानं झाकणाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"वानखड्याच्या गाद्या होयेपर्यंत," ती म्हणाली. "मंग खोका तुमाले लागते तेवढं. म्या थापा मारत बसीन."

"दोन्ही संगं चालते काय?"

"येक पातय कराचं हाय, येक बंद कराचं. त्याईचं काय भांडन हाय?"

त्याला ते पटलं असं दिसलं. त्यानं झाकण तोंडात रिकामं केलं आणि ओठ पुसले. "गोड हाय," तो म्हणाला.

आणि खोकला खरंच बंद झाला. वानखड्यांच्या अंगणात मशीन चालू राहिलं, कापूस उडत राहिला, आणि गुलाम नबी एकदाही भिंतीकडे गेला नाही. गादीपाटाच्या खोळीत तो हात खांद्यापर्यंत घालून कापूस कोपऱ्यात सारत होता, काठीनं झोडून सारखा करत होता. फक्त सावकाश. काठी उचलली की ती वर थोडी थांबायची आणि मग खाली यायची.

"आज बरं हाय बाप्पा," दुर्गाबाई म्हणाली. "कोन्तं औषध घेतलं?"

"हायेच दवाखान्याचं," हाजराबी म्हणाली.

दुपारचा चहा पेल्यात आला.

पोरगी, प्राजक्ता, बाहेर येऊन भरलेल्या गादीवर हात फिरवून गेली. "चाचा, मऊ ठेवजा हो. माहं पाठीचं दुखनं हाय."

"तुही गादी लोन्यासारखी करतो पोरी," गुलाम नबी म्हणाला. एवढं एक वाक्य बोलायला त्यानं मधे दोनदा श्वास घेतला.

हाजराबी दाभणानं कडेचे टाके घालत होती. तिची मान वर झाली. पण तो पुन्हा कामाला लागला होता.

घरी आल्यावर त्याला भाकर नको होती. भिंतीला टेकून बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. दिवे लागणीची वेळ होती. हाजराबी त्याच्या पाठीला कान लावून बसली. आत काहीतरी उकळत होतं. डाळीला आधण येताना झाकणाखाली होतो तसा आवाज, प्रत्येक श्वासाला. तिनं पाठीवर थापा मारल्या. खालून वर, खोलगट तळव्यानं, पुष्कळ वेळ.

"खोका," ती म्हणाली.

तो खोकायला गेला. ख्यॅं केल्यासारखा एक आवाज झाला, त्यात जोर नव्हता. राखेचा डबा तसाच कोरडा राहिला.

"येत नाई," तो म्हणाला. "झोप येऊन रायली फक्त."

"पानी प्या."

तो पाणी प्याला. भरपूर प्यायचं होतं, तेवढं प्याला.

बुधवारी सकाळी हाजराबीनं पेला पुढे केला आणि बाटली फडताळातच राहू दिली. गुलाम नबीचे ओठ तिला बरे दिसत नव्हते. जांभळाचं पाणी लागल्यासारखे होते. "आज औषध नाई. आज घरीच राहा," ती म्हणाली. "बार्शीटाकळीले जाऊ. डाक्टरीनले दाखवू."

"येकच गादी रायली," तो म्हणाला. "पोरीची. आज तिच्या सासरचे येऊन रायले. आज मी खोकलो त संपलं." त्यानं हात पुढे केला. "दे."

"नाई देत."

"हाजरा. दे बरं. आजचाच दिवस."

तो कधी तिचं नाव घ्यायचा नाही. तिनं बाटली काढली. झाकण त्यानं स्वतःच भरलं, प्याला, आणि तिचं लक्ष पेल्याकडे असताना पुन्हा भरलं. तिला दिसलं. बाटलीला झाकण लावून तिनं ती ओच्यात टाकली.

अंगणात आज सडा होता, रांगोळी होती. पाहुणे बैठकीत बसले होते, आतून हसण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते. प्राजक्ताची गादी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची होती. कापूस भरून झाला होता. आता फक्त टाके. एका अंगाला हाजराबी, समोरच्या अंगाला गुलाम नबी. तिनं दाभण खालून वर दिलं की त्यानं ओढायचं, गाठ मारायची. दाभण वर गेलं. तिकडून कोणी ओढलं नाही.

"ओढा ना."

तो गादीवर पुढे वाकला होता. टाका नीट बघतोय असं वाटावं तसा. दुर्गाबाई ओसरीतून म्हणाली, "नबीभाऊले डुलकी लागली वाटते." कोणीतरी हसलं.

हाजराबी गादीवरून चालतच पलीकडे गेली. त्याचा खांदा धरून तिनं त्याला मागे घेतलं. डोळे अर्धे उघडे होते. नखं निळी होती. छाती हलत होती, पण वर वर, आणि गळ्यातून तो उकळण्याचा आवाज येत होता. त्याच्या तोंडाच्या कडेला फेस होता.

"खोका," ती ओरडली. "खोका! आता खोका!"

बैठकीतले लोक दारात आले. खुशालराव धावले. गजेंद्र ऑटोत पेपर वाचत बसला होता, त्यानं मागची फळी खाली पाडली. "अकोल्यालेच नेऊ," तो म्हणाला. "मधे कुठं थांबाचं नाई."

ऑटोचा पत्रा उन्हानं तापला होता. हाजराबीनं रिकामी पोती ओढली. अंगणात भरलेल्या गाद्यांची रास होती, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. म्हणजे सगळेच तिकडे बघायचं टाळत होते. प्राजक्ता नव्या साडीत बाहेर आली होती. तिनं आपली लाल-पांढरी गादी एका टोकाला धरली आणि फरफटत ऑटोकडे नेली. दाभण त्यातच लोंबत होतं. गजेंद्रानं दुसरं टोक उचललं.

"अवं प्राजू, ते—" दुर्गाबाई म्हणाली.

रस्ता खराब होता. हाजराबी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मग आठवून त्याला कुशीवर वळवलं आणि पाठीवर थापा मारत राहिली. खड्डा आला की थाप चुकायची. दुतर्फा कापूस वेचणीला आला होता, बाया ओट्या बांधून ओळीनं चालल्या होत्या. त्यातल्या एकीनं ऑटोतली गादी बघून लग्नाची समजून हात हलवला.

अकोल्याच्या दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. तोंडावर मास्क बसवला. एक पातळ नळी नाकातून आत सारली, मशीन लावलं आणि बाटलीत फेसाळ पांढरं पाणी उतरू लागलं. हाजराबीला बाहेर काढायला कोणाला सुचलं नाही, म्हणून तिनं ते बघितलं.

डॉक्टर तिशीचा होता. नागसेन असं नाव छातीवर होतं, पुढचं आडनाव पेनाखाली झाकलं होतं. त्यानं फसफसणाऱ्या गोळीचं पाकीट बघितलं. "हे बरोबर आहे. याच्याबरोबर दुसरं काही दिलं होतं?"

गजेंद्र खाली बघू लागला. हाजराबीनं लुगड्याच्या ओच्यातून बाटली काढली. घरून निघताना तिनं ती बरोबर का घेतली होती, हे तिलाच माहीत नव्हतं.

डॉक्टरनं बाटली उजेडाकडे धरली. किती उरलंय ते बघितलं. "हे कोणी लिहून दिलं?"

"कोनं नाई. म्या आनलं."

"चाचीनं नाई," गजेंद्र म्हणाला. "म्या सांगतलं त्याईले. माही बुढी घेते."

"म्या आनलं," हाजराबी म्हणाली. "म्याच पाजलं. डाक्टरीनबाई मनली होती थांबवू नोका. मले ठावूक होतं."

तो रागावेल असं तिला वाटलं. तो रागावला नाही. त्यानं बाटली टेबलावर ठेवली. "गोळीनं कफ सुटत होता, मावशी. आणि यानं खोकलाच येईना. मग सुटलेला सगळा आत साचला. वर याची गुंगी. आम्ही नळीनं ओढतोय, पण नळी खोलवर पोचत नाही. तिथलं त्यांनाच काढावं लागेल. औषध उतरलं की खोकला यायला पाहिजे."

"कवा उतरन?"

"सांगता येत नाही. नाहीच आला तर घशात नळी घालून मोठ्या मशीनवर ठेवावं लागेल. तुम्ही पाठ थापटता का त्यांची?"

"हाव."

"येतं तुम्हाला?"

तिनं हात पुढे करून दाखवला. बोटं जुळवलेली, तळवा खोलगट. तो म्हणाला, "बरोबर. थापटत राहा. आणि खोकला आला की लगेच नर्सला हाक मारा."

चार वाजता रय्यानचा फोन आला. तो पाळी सोडून निघाला होता, अमरावतीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होता. "अम्मी, झालं काय पन? सकाळी तर बोललो मी अब्बासंगं."

"तू ये," ती म्हणाली.

मग गजेंद्राच्या फोनवर दुर्गाबाई आली. गजेंद्रानं फोन हाजराबीच्या कानाला लावला. "कसे हाय नबीभाऊ?" दुर्गाबाईनं विचारलं. हाजराबीनं सांगितलं. तिकडे मागे पाहुण्यांचे आवाज येत होते. मग दुर्गाबाई म्हणाली, "गादी तठीच राहू द्या. वापस नोका आनू." फोन बंद झाला. त्यात माया होती, का रोग्याखालची गादी नको होती, हे हाजराबीला ठरवता आलं नाही, आणि ठरवायला वेळही नव्हता.

वॉर्ड छातीच्या रोग्यांचा होता. हंगाम सगळीकडचाच होता. कोणी सोयाबीनच्या कुटाराच्या धुळीचा, कोणी जिनातला, कोणी नुसता म्हातारा. एक थांबला की दुसरा खोकायचा. हाजराबी डाव्या हातानं गुलाम नबीला कुशीवर धरून उजव्यानं थापा देत होती. खोकला ऐकू आला की तिचा हात थांबायचा आणि ती त्याच्या तोंडाकडे बघायची. मग पुन्हा सुरू करायची.

साडेसहाला नर्सनं येऊन बोटाला लावलेल्या चिमट्याचा आकडा बघितला. सकाळपेक्षा बरा आहे, म्हणाली. नळी पुन्हा घातली. गुलाम नबीनं कपाळ आक्रसलं, डोळे घट्ट मिटले. नर्सनं जरा वाट बघितली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

खोकला आला. हाजराबी हाक मारायला वळली. तो खिडकीजवळच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा होता.

गुलाम नबीला अजून आलेला नव्हता.